दोन वाजताचं चाक

भिलाई-३
१२ एप्रिल २०२४

चि. उत्कर्षा,
जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र लिहितो आहे. पत्राची एक सोय असते. न वाचता कपाटात टाकलंस तरी मला कळायचं नाही, आणि मी आपला वाचलं असेल असं धरून चालेन.

परवा दुर्गला जाऊन कानाच्या डॉक्टरला दाखवून आलो. त्याने दोन्ही कानांत बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, आपके कान तो हमसे अच्छे हैं." मला ते माहीतच होतं. रेल्वेच्या पंपघरात तेहतीस वर्षं फिटर म्हणून काढली. बेअरिंग जाणार असेल तर आठ दिवस आधी आवाजावरून सांगायचो. मग रोज दुपारी दोन वाजता आपल्या विहिरीचं चाक वाजतं ते काय आहे, असं त्याला विचारायचं होतं, पण त्याच्या दारात रांग लागली होती.

चाक खरंच वाजतं. आधी भरभर, म्हणजे बादली खाली जाते तेव्हा वाजतं तसं. मग हळू, थांबत थांबत. मध्ये एकदा जरा जास्त थांबतं, बाईमाणूस दोर ओढताना हात बदलते तेवढं. मी उठून अंगणात जातो. विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी जशीच्या तशी असते, जाळीच्या दाराला कुलूप असतं, आणि वर चाकाच्या खोबणीत कोळ्याने केलेलं जाळंसुद्धा तुटलेलं नसतं. आठ वर्षं ते चाक फिरलेलं नाही. माझ्यापुरतं पाणी मी मोटारीने काढतो.

यात गंमत अशी, की नोकरीत असताना माझी कायमची दुसरी पाळी. सव्वाला जेवून मी सायकल काढायचो. दोन वाजता हे चाक कसं वाजतं ते मी कधी ऐकलेलंच नाही.

गेल्या आठवड्यात वॉर्डातून अमरदीप नावाचा एक पोरगा विहिरींची मोजणी करायला आला होता. मी त्याला तुझ्या आजोबांचा दोर दाखवला, हाताहाताच्या अंतरावर गाठी मारलेला. जाळीतून सोडून दाखवला. ऐन एप्रिलात सात गाठी पाणी. त्याने तोंडात बोट घातलं. मग फॉर्म भरताना विचारलं, किती कुटुंबं हे पाणी वापरतात? मी म्हणालो, एक. घरात किती माणसं? मी म्हणालो, एक. त्याने पेन थांबवलं आणि वाकून वास घेतला. म्हणाला, उपसा नाही म्हणून पाण्याला कोंदट वास येतो आहे, एवढं पाणी साठवून करता काय?

पोरगा हुशार आहे. मी त्याला चहा दिला आणि विषय बदलला.

कुलपाबद्दल मला काही लिहायचं नाही. त्यावरून तू आईशी तीन वर्षं बोलली नाहीस, ती गेल्यावर मातीला आलीस आणि पुण्यानुमोदनाला न थांबता नागपूरला परत गेलीस. ते सगळं जुनं झालं. मी फक्त कानाचं लिहायला बसलो होतो.

बाबा


भिलाई-३
३ मे २०२४

चि. उत्कर्षा,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, माझ्या सगळ्याच पत्रांना वर्गात हजेरी घेतल्यासारखं उत्तर द्यावंस अशी माझी अपेक्षा नाही.

आज आईची एक गोष्ट लिहितो. तुला ती माहीत नाही, कारण तू तेव्हा येत नव्हतीस.

त्या उन्हाळ्यानंतर तुझी आई आपल्या विहिरीचं पाणी प्यायली नाही. स्वयंपाक त्याच पाण्यात करायची, मला तेच द्यायची, धुणंभांडी त्यातच. स्वतः प्यायला मात्र रोज सकाळी नाल्यापलीकडच्या वस्तीत जाऊन बोरिंगच्या रांगेत उभी राहायची. एक लहान पितळी गुंड पाण्याने भरून आणायची आणि वेगळा झाकून ठेवायची. मी म्हणायचो, "वच्छला, घरी विहीर असून तिकडे कावून मरतेस? गुडघे त पाहा तुझे." ती म्हणायची, "फिरनं होते." शेवटी दवाखान्यात होती तेव्हा मी घरून बाटली भरून नेली. तिने एक घोट तोंडात घेतला आणि माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवून रुमालात टाकला. नर्सला वाटलं, गिळता येत नाही.

हे लिहायला मला साडेचार वर्षं लागली.

तू म्हणशील, बाईने स्वतः कुलूप लावलं आणि मग स्वतःलाच शिक्षा करून घेतली. तू तसंच समजत असशील. त्या मे महिन्यात तू सुटीत आलीस, गल्लीतच तुला राधाबाई गेल्याचं कळलं, आणि चप्पल न काढता तू अंगणात जाऊन जाळीसमोर उभी राहिलीस. राधाबाई आपल्याकडे यायला लागली तेव्हा तू लहान होतीस. वस्तीतली, ईंटभट्टीवर कामाला जाणारी, दुपारच्या सुटीत दोन भांडी पाणी नेणारी. तिने तुला चिंच कुटून काडीवर लाटी करून दिलेली मला आठवते. जुन्या मुरमाच्या खदानीत पाणी काढायला उतरली आणि घसरली. वर काढायला दुपारची संध्याकाळ झाली.

तू विचारलंस, "आजोबाच्या विहिरीले कुलूप? कोनं लावलं?"

आई म्हणाली, "मीच लावाले सांगतलं. पानी पुरत नव्हतं."

त्या वेळी मी मोरीत हात धूत होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. मी पाहिलं नाही. गल्लीभर लोकांच्या नळांचे वॉशर फुकट बदलून देणारा माणूस मी, पाहुण्याने दात घासताना नळ चालू ठेवला तर बाहेरून ओरडणारा. त्या दिवशी तू बॅग उचलून फाटकाबाहेर जाईपर्यंत नळ तसाच चालू होता आणि मी त्याच्याखाली हात धरून उभा होतो.

आज इथेच थांबतो. दोन वाजत आले आहेत.

बाबा


भिलाई-३
१२ मे २०२४

उत्कर्षा,

आज राधाबाईला जाऊन आठ वर्षं झाली. आता लिहूनच टाकतो, नाहीतर कान फुटेपर्यंत ते चाक ऐकत बसावं लागेल.

कुलूप मी लावलं. जाळीही मीच हथखोजच्या वर्कशॉपमधून अँगल कापून आणून बसवली. आईने लावायला सांगितलं नव्हतं. तिने नको म्हटलं होतं.

माझी बाजूही सांगतो, कारण ती मला तेव्हा फार बरोबर वाटत होती. दोन वर्षं पाऊस कमी झाला होता. मार्चमध्ये पाणी दोन गाठींवर आलं. वस्तीतून तीस-चाळीस भांडी रोज जायची. मी छपराचं पाणी पाइपने विहिरीत सोडलं होतं, शोषखड्डा खणला होता, तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याला घालायला लावत होतो, आंघोळ एका बादलीत. त्याच जानेवारीत वॉर्डाने मला जलमित्राचं प्रशस्तिपत्र दिलं होतं, ते अजून भिंतीवर आहे. मला वाटलं, मी एवढं थेंब थेंब जपायचं आणि लोकांनी येऊन उपसून न्यायचं. विहीर वाचली तर पुढे सगळ्यांनाच कामाला येईल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जाळी बसली. लोक दोन दिवस आले, उभे राहिले, मग यायचे थांबले.

तुझे आजोबा असते तर त्यांनी मला त्याच अँगलने झोडपलं असतं. माझा बाप धोंडबा रेल्वेत खलाशी म्हणून भंडाऱ्याकडून इकडे आला आणि आधी घर बांधलं नाही, विहीर खणली. तिकडे गावात आपली माणसं विहिरीपासून वीस पावलांवर रिकामी मडकी घेऊन बसायची, कोणाच्या मनात येईल तेव्हा तो वरून ओतणार. बाबा मला सांगायचे, "या इहिरीवर कोनी कोनाची जात पुसन नाही, आन् इले झाकन लागन नाही." मी लहानपणापासून हे शंभर वेळा ऐकलं. चौदा एप्रिलला स्टेजवरून दुसऱ्यांना सांगितलंसुद्धा. त्या वर्षी चौदा एप्रिलला सांगितलं तेव्हा जाळी बसून आठ दिवस झाले होते.

आता खरं ते पुढेच आहे.

कुलपाला दोन किल्ल्या होत्या. एक माझ्या खिशात, दुसरी मी गव्हाच्या कोठीत ठेवली. मी ड्यूटीवर गेलो की तुझी आई ती काढायची, जाळीचं दार उघडायची आणि राधाबाईला दोन गुंड पाणी स्वतः ओढून द्यायची. रोज दोन वाजता. महिनाभर. मला पत्ता नव्हता.

पण मी रोज सकाळी दोर सोडून पाणी मोजायचो. मे महिन्यात मला दिसायला लागलं, की आमच्या दोघांच्या वापरापेक्षा पाणी जास्त उतरतं आहे. जास्त म्हणजे किती, दोन बोटं. दुसरा कोणी असता तर त्याच्या लक्षातही आलं नसतं. नऊ तारखेला मी तिला म्हणालो, "वच्छला, कोनीतरी पानी चोरून राहिलं." ती भाकरी थापत होती. म्हणाली, "प्याचं पानी कोनी चोरत नाही." मी त्यावर विचार करायला हवा होता. मी भिलाईच्या पॉवर हाऊस बाजारात गेलो, मोठं कुलूप आणलं, ते लावलं आणि दोन्ही किल्ल्या वॉशरच्या डबीत टाकून डबी खिशात ठेवली.

बारा तारखेला राधाबाई खदानीत उतरली.

त्या रात्री आई जेवली नाही. म्हणाली, "रोज दोन वाजता मी देत होती. तुमी गेल्यावर."

मी म्हणालो, "मले कावून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं त तुमी दिलं असतं?"

 

आठवड्याने तू आलीस. मोरीतला प्रसंग झाल्यावर मी तिला विचारलं, तू खोटं का बोललीस. ती म्हणाली, "तुमचं आन् पोरीचं तुटलं त जुडनार नाही. तुमी दोघंही एकासारके. माह्यावर किती दिवस रागावन? माय आहो मी तिची." तिचा अंदाज तिथे चुकला. तू रागावलीस ते रागावलीसच. मला तीन वर्षांत हजार वेळा तुला खरं सांगता आलं असतं. दर दिवाळीच्या सुटीत ती फाटकाकडे पाहत बसायची आणि मी पेपर वाचायचो. तू फोन माझ्याशी करायचीस, तिच्याशी नाही, आणि मला ते, लाज वाटते लिहायला, बरं वाटायचं. ती गेल्यावर तू माझाही फोन उचलणं बंद केलंस. तेव्हा कळलं तिला कसं वाटत असेल.

तुझ्या आईने कुलूप लावलं नाही. तिने ते उघडलं होतं. एवढं एक तुझ्या मनात बसावं म्हणून ही तीन पत्रं. माझ्याबद्दल जे ठरवायचं ते ठरव.

देवराव


भिलाई-३
९ जून २०२४

उत्कर्षा,

तुझं कार्ड पोचलं. एकच ओळ होती: चंदाला सांगितलं का?

आठ वर्षांत मला हे सुचलं नव्हतं. चंदा म्हणजे राधाबाईची पोर, तिची आई गेली तेव्हा बारा वर्षांची. कार्ड दोन दिवस उशीखाली ठेवून मी हिंमत गोळा केली आणि गेल्या रविवारी सकाळी नाला ओलांडून गेलो. ती आता हथखोजला नटबोल्टच्या कारखान्यात पॅकिंगला जाते. मला पाहून तिने खाट टाकली, पाणी आणून दिलं. तिने दिलेलं पाणी मी हातात धरून सगळं सांगितलं. कुलूप, दोर, दोन बोटं, नवं कुलूप. ती शेंगा सोलत होती, सोलतच राहिली.

मग म्हणाली, "मोला पता हे, कका. काकी बताय रिहिस."

तुझ्या आईने तिला पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलं होतं. बोरिंगच्या रांगेत. तिथे ती स्वतःचा गुंड भरायला जायची, हे मला माहीत होतं. आधी चंदाचं भांडं भरून, तिच्या झोपडीपर्यंत पोचवून, मग परत रांगेच्या शेवटी उभी राहून स्वतःचं भरायची, हे मला चंदाने सांगितलं. साडेतीन वर्षं. "मेहा मना करव, तभो नइ मानय," चंदा म्हणाली. ती नको म्हणायची, तरी आई ऐकायची नाही. आणि मी घरी बसून गुडघे दुखतात तर जातेस कशाला म्हणून टोमणे मारत होतो.

मी म्हणालो, जाळी काढून टाकतो, विहिरीवर ये, केव्हाही ये. तिने छपराच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. नळ होता, नवा. "अब नल आगे हे, कका," म्हणाली, आता नळ आला आहे. रागाने नाही. जसं आहे तसं सांगितलं.

निघताना माझं लक्ष गेलं, नळ टिपकत होता. डबी खिशात होती. मी वॉशर काढला, पाना मात्र घरी होता. तिने हात पुढे केला आणि म्हणाली, द्या, मी लावून घेईन. वॉशर देऊन परत आलो.

सोमवारी मी करवतीने जाळी कापायला घेतली. दोन दिवस लागले, माझाच वेल्ड होता, पक्का होता. मग अमरदीपला फोन केला. त्याने उपसा करायला मोठी मोटार पाठवली, गाळ काढला, औषध टाकलं आणि नमुना नेला. चाकाला तेल घातलं. कोळ्याचं जाळं काढताना माझा हात जरा थांबला.

दोन वाजता तरीही वाजतंच.

बाबा


भिलाई-३
२४ जून २०२४

उत्कर्षा,

तू शनिवारी आलीस त्याबद्दल काही लिहिणार नव्हतो. तू चार तास होतीस आणि आपण मिळून वीस वाक्यं बोललो असू. पण एक गोष्ट तुला माहीत नाही, ती सांगायची राहिली.

तू नागपूरहून पाण्याची बाटली आणली होतीस आणि तेच पीत होतीस. मी ग्लास भरून ठेवला होता, त्याला हात लावला नाहीस. मला ते दिसलं. तुझी आई तशीच. मी आत जाऊन तांदूळ निवडायला बसलो, काहीतरी करायला हवं म्हणून.

मग चाक वाजलं. आधी भरभर, मग हळू. मध्ये हात बदलला तेवढं थांबलं. मी घड्याळ पाहिलं, दोन. मी उठलो नाही. मला सवय झाली आहे. मी मनात म्हटलं, वाज. आणि मग दगडावर बादली ठेवल्याचा आवाज आला. तो आवाज त्या दुसऱ्या चाकाला कधी येत नाही.

मी दारात आलो तेव्हा तू दुसरी बादली ओढत होतीस. पहिली तू कढीपत्त्याच्या बुडाशी ओतली होतीस. मग तू रिकामी बाटली विसळलीस, भरलीस, झाकण घट्ट लावलंस आणि बॅगेत ठेवलीस. तू मला पाहिलंस. म्हणालीस, "बाबा, दोर बदला. कुजून राहिला." एवढंच म्हणालीस आणि रिक्षात बसलीस.

दोर आणला. आजोबांचा जुना जमिनीवर पसरून त्याच्या मापाने नव्यावर गाठी मारल्या. सोळा गाठी आहेत. मला वाटायचं पंधरा.

काल दोन वाजले, चाक वाजलं नाही. अडीचपर्यंत बसून राहिलो. मग स्वतः दोन गुंड ओढले आणि फाटकाबाहेर ओट्यावर ठेवले, पेल्यासकट. संध्याकाळी आत आणायला गेलो तर भरलेलेच होते. आज पुन्हा ठेवले आहेत.

ती बाटली तू गाडीत प्यालीस, की गोंदियाच्या फलाटावर ओतून दिलीस, हे मला कळायचं नाही आणि मी विचारणारही नाही. पण अमरदीप सकाळी नमुन्याचा रिपोर्ट देऊन गेला. पाणी चांगलं आहे. प्यायला चालतं. कागद सोबत जोडला आहे.

बाबा